भाषासंशोधकाचा पहिला कॅमेरा : भिंगांची निवड कशी करावी

भाषेच्या अभ्यासकास कॅमेऱ्याशी काय कर्तव्य, हा प्रश्न आता फारसा कोणी विचारीत नाही. शिलालेख, पोथ्या, ताम्रपट, बोलीभाषकांच्या मुलाखती, शेतीची अवजारे व घरगुती वस्तू यांची छायाचित्रे संशोधनाच्या साधनसामग्रीत मोडतात, हे सर्वांस मान्य झाले आहे. परंतु ही छायाचित्रे कोणत्या साधनाने घ्यावयाची याचा विचार मात्र पुष्कळदा दुकानातील विक्रेत्याच्या सल्ल्यावर सोपविला जातो. भिंगे बदलता येणारा पहिला कॅमेरा विकत घेणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती तुटपुंजी असते. चुकीचे भिंग घेतले गेले तर दुसरे घेण्याइतके द्रव्य त्याच्यापाशी बहुधा उरत नाही. यासाठी या निवडीमागील तत्त्व उदाहरणांसह स्पष्ट करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उदाहरणे प्रामुख्याने मंद्रूप व त्याच्या आसपासच्या परिसराच्या अनुरोधाने घेतली आहेत. एकाच परिसरात लेख, पोथी, माणूस व वस्तू या चारही प्रकारची सामग्री अभ्यासकासमोर येऊ शकते, आणि प्रत्येकीची भिंगाकडून असलेली अपेक्षा वेगळी असते.

१. प्रश्नाचे स्वरूप

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील, सोलापूर-विजापूर रस्त्यावरील गाव. याच तालुक्यात भीमा व सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे स्थान आहे. तेथील हरिहरेश्वर मंदिराच्या उत्खननात सापडलेल्या ३५९ मुखांच्या शिवलिंगामुळे ते सर्वसामान्य प्रवाशांस ठाऊक झाले. भाषेच्या अभ्यासकास मात्र त्याचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८, या वर्षाचा लेख कोरलेला आहे. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणल्यापासून मराठीच्या अगदी आरंभीच्या कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होते.

अशा लेखांचे वाचन किती बारीक गोष्टींवर अवलंबून असते, हे अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेखाच्या उदाहरणाने ध्यानात येईल. त्याचा काळ शके ९३४ असल्याचे वाचन प्रसिद्ध आहे. परंतु त्या वाचनाविषयी अभ्यासकांत मतभेद झालेले आहेत. अंकाचे एक वळण निराळे लागले की भाषेच्या इतिहासातील लेखाचे स्थान बदलते. अनुस्वाराचे टिंब आणि दगडातील खळगा यांत फरक करता आला नाही, तर लिंग, वचन किंवा विभक्ती यांविषयीचा निष्कर्ष डळमळीत होतो. दगड झिजत असतो, आणि अभ्यासकास त्याच जागी पुन्हा जाता येईलच असे नाही. म्हणून छायाचित्र हा पुरावा समजून घ्यावयास हवा, आणि पुरावा देणाऱ्या साधनाची परीक्षाही त्याच दृष्टीने करावयास हवी.

येथे कोणी म्हणेल की हातातील मोबाइलने हे काम का होऊ नये? नोंदीपुरते ते अवश्य होते. परंतु मोबाइलचे मुख्य भिंग विस्तृत दृष्टिक्षेत्राचे असल्यामुळे लेख मोठा दिसावा म्हणून त्याच्या फार जवळ जावे लागते, आणि त्यापासून उद्भवणाऱ्या दोषांचे विवेचन पुढे केले आहे. शिवाय मोबाइल चित्रावर आपण होऊन संस्कार करतो व कडा ठळक करतो. खळग्याची कड ठळक झाली की तिचे टिंब होण्यास वेळ लागत नाही.

२. तीन राशी आणि एक सूत्र

भिंगाची निवड समजण्यासाठी तीन राशी पुरेशा आहेत : भिंगाचे केंद्रांतर, कॅमेऱ्यातील संवेदकाची रुंदी आणि वस्तूपासूनचे अंतर. भिंगावर मिलिमीटरमध्ये छापलेला आकडा, उदाहरणार्थ १८, ३५, ५५, २००, हे त्याचे केंद्रांतर होय. ते जितके लहान, तितके अधिक विस्तृत दृश्य चित्रात मावते. जितके मोठे, तितका दृश्याचा लहान भाग मोठा होऊन येतो. संवेदक, ज्यास व्यवहारात सेन्सर म्हणतात, तो कॅमेऱ्यागणिक वेगवेगळ्या आकाराचा असतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात तो ३६ × २४ मिमी असतो; नवशिक्याच्या हाती बहुधा येणाऱ्या एपीएस-सी वर्गातील कॅमेऱ्यांत त्याची रुंदी सुमारे २३.५ मिमी, तर कॅननच्या त्या वर्गातील कॅमेऱ्यांत सुमारे २२.३ मिमी असते; मायक्रो फोर-थर्ड्‌स या प्रकारात ती १७.३ मिमी असते. एकच भिंग लहान संवेदकावर लावले असता दृश्याचा कमी भाग टिपते. म्हणून "५० मिमीचे भिंग चांगले" हे विधान कोणता कॅमेरा हे सांगितल्याशिवाय अपुरे राहते.

या तीन राशींचा संबंध साध्या त्रैराशिकाने मांडता येतो :

केंद्रांतर = संवेदकाची रुंदी × अंतर ÷ वस्तूची रुंदी

वस्तू भिंगाच्या अगदी निकट नसेल तेव्हा हे सूत्र व्यवहारास पुरेसे अचूक आहे. समजा, १२ मीटर रुंदीचे देवालय १० मीटरवरून पूर्ण टिपावयाचे आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी २३.५ × १० ÷ १२, म्हणजे सुमारे १९.६ मिमी केंद्रांतर लागेल. त्याहून किंचित लहान, म्हणजे १८ मिमी, चालेल. तेच १० मीटरवरून शिखरावरील १.२ मीटर रुंदीचे शिल्प हवे असेल तर सुमारे १९६ मिमी, म्हणजे २०० मिमीच्या जवळपासचे भिंग हवे. भिंग विकत घेण्यापूर्वी कागदावर हे गणित मांडले, की विक्रेत्याच्या आग्रहातील पुष्कळसा भाग आपोआप गळून पडतो.

चौथी एक राशी प्रकाशासंबंधी आहे. भिंगातील प्रकाशमार्गाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ/१.८, एफ/२.८, एफ/५.६, एफ/८ अशा अंकांनी दर्शवितात. अंक जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. मात्र छिद्र मोठे केले की स्पष्टतेची खोली घटते, म्हणजे वस्तूचा पुढचामागचा थोडाच भाग रेखीव येतो. मोठ्या छिद्राची भिंगे महाग असतात. आपणास त्या छिद्राची खरोखर गरज आहे काय, हे ठरविल्याशिवाय त्यांच्यावर खर्च करू नये.

३. शिलालेख : मागे सरण्यासाठी दीर्घ भिंग

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिमीचे झूम भिंग मिळते. जाणकार म्हणविणारे त्यास कमी लेखतात. ते शिलालेखाच्या कामास कितपत पुरे पडते, ते पाहू.

तुळईच्या दर्शनी बाजूवर एक मीटर लांबीचा लेख आहे, तुळई जमिनीपासून तीन मीटर उंच आहे आणि कॅमेरा दीड मीटर उंचीवर आहे, असे उदाहरणादाखल समजू. तुळईपासून दीड मीटरवर उभे राहिल्यास कॅमेरा ४५ अंशांत वर करावा लागतो. या कोनातून अक्षरांची उंची सुमारे २९ टक्के आखूड दिसते; वरच्या ओळी आकसतात आणि खालच्या पसरतात. चार मीटर मागे सरल्यास कोन सुमारे २१ अंशांवर येतो व आखूडपणा अवघा ६ टक्क्यांच्या आसपास राहतो. अक्षरवटिकेच्या अभ्यासात अक्षराच्या उंची-रुंदीचे प्रमाण हे कालनिर्णयाचे एक गमक असल्याने हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. पूर्वीचे अभ्यासक ओल्या कागदावर शाईने लेखाचा ठसा घेत. ठशात हा दोष उद्भवतच नसे, कारण ठसा मूळ मापाचा असतो. छायाचित्रकारास तो दोष अंतर राखून कमी करावा लागतो.

दीर्घ केंद्रांतराच्या भिंगाचे खरे प्रयोजन येथे कळते. ते "दूरचे जवळ आणते" असे आपण म्हणतो. पण लेखाच्या अभ्यासकास ते हवे असते ते स्वतःला मागे सरता यावे म्हणून. वरील उदाहरणात मागे सरल्यावर लेखाचे अंतर सुमारे ४.३ मीटर होते व तो चौकटभर यावयास १०० मिमीचे भिंग लागते.

परंतु ते जवळ नसले तरी काम अडत नाही. त्याच जागेवरून ५५ मिमीने सुमारे १.८ मीटर रुंदीचे दृश्य येते. म्हणजे लेख चौकटीचा निम्म्याहून थोडा अधिक भाग व्यापतो. रुंदीत ६,००० पिक्सेल असलेल्या २४ मेगापिक्सेलच्या चित्रात लेखाच्या वाट्यास सुमारे ३,३०० पिक्सेल येतात, म्हणजे दर मिलिमीटरला तीनाहून अधिक. पाच मिमी रुंदीच्या छिन्नीच्या रेषेस सोळा पिक्सेल मिळाले, तर वाचनास ते पुरेसे आहेत. जवळ जाऊन घेतलेल्या मोठ्या पण विकृत चित्रापेक्षा दुरून घेतलेले लहान पण सरळ चित्र अधिक विश्वसनीय ठरते.

मग लेख वाचता येत नाहीत ते कशामुळे? बहुतेक वेळा त्याचे कारण भिंगात सापडत नाही. ते प्रकाशात असते. समोरून पडणाऱ्या प्रकाशात खोदलेली रेषा व सपाट दगड सारखेच उजळतात. प्रकाश बाजूने, दगडास जवळजवळ समांतर पडला, की रेषेच्या एका काठावर उजेड व दुसऱ्यावर छाया येते आणि अक्षर उठून दिसते. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून साधी विजेरी डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून अशी धरावी, आणि चार स्वतंत्र चित्रे घ्यावीत. खऱ्या रेषेची छाया प्रकाशाच्या दिशेबरोबर नियमाने बदलते, डाग मात्र चारही चित्रांत तसाच राहतो. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतील टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेली पॉलिनॉमियल टेक्स्चर मॅपची पद्धती याच तत्त्वाचा विकास आहे. अनेक दिशांनी उजळलेल्या चित्रांवरून संगणकावर प्रकाशाची दिशा हवी तशी फिरविता येते. तीतही कॅमेरा व भिंग अचल असावे लागते. या कामी छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवावे. तिवई असल्याने मोठ्या छिद्राच्या महाग भिंगाची गरज पडत नाही. एफ/१६ च्या पलीकडे मात्र जाऊ नये, कारण अतिलहान छिद्रातून प्रकाशाचे विवर्तन होऊन रेखीवपणा कमी होतो.

अक्षरांत खडू, पीठ अथवा तेल भरण्याची जुनी सवय सर्वथा त्याज्य समजावी. दगडास तिच्यामुळे इजा होते हे एक. शिवाय खडू भरणारा आपणास दिसलेले अक्षरच रेखाटतो. पुढील अभ्यासकाच्या हाती मग लेख न येता पहिल्याचे वाचन येते. संरक्षित स्मारकात तिवई व दिवे वापरण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी, हेही येथेच नमूद करणे इष्ट.

४. पोथी व ताम्रपट : सपाट क्षेत्राचे भिंग

पोथीचे पान सपाट असते व अंतर आपल्या हाती असते. पण अपेक्षा अधिक कडक असते. पानाच्या मध्यभागाइतकाच त्याचा कोपराही रेखीव यावा लागतो. झूम भिंगाच्या १८ मिमीच्या टोकाशी सरळ ओळी बाहेरच्या बाजूस फुगतात व कडेची अक्षरे पुसट होतात. म्हणून पोथीसाठी तेच भिंग ३५ ते ५५ मिमीच्या दरम्यान वापरावे. कॅमेरा पानाशी काटेकोर समांतर असावा. त्यासाठी पानाच्या जागी क्षणभर लहान आरसा ठेवावा. भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या मध्यावर दिसले म्हणजे कॅमेरा समांतर झाला.

पोथ्यांचेच काम विपुल असेल, तर मॅक्रो भिंग घेणे योग्य. निकटची वस्तू मूळ मापाइतकी टिपता यावी आणि सपाट वस्तूची कडही रेखीव यावी, अशी त्याची रचना असते. ३० सेंमी रुंदीचे पान ५० मिमी केंद्रांतराने टिपावयास कॅमेरा सुमारे ७० सेंमी उंच ठेवावा लागतो, ६० मिमीने सुमारे ८३ सेंमी, तर ९० मिमीने सव्वा मीटरच्या आसपास. मेजावर उभारलेल्या स्टँडवर पहिली दोन अंतरे सहज साधतात, तिसरे अडचणीचे होते. उलट शिलालेख व ताम्रपटावरील मुद्रा यांसाठी ९० ते १०५ मिमीचे मॅक्रो भिंग अधिक उपयोगी, कारण ते मागे सरू देते आणि दिव्यास जागा ठेवते. यांपैकी कोणते घ्यावे हे प्रबंधाच्या विषयानेच ठरावे.

५. माणसे आणि वस्तू

बोलीच्या अभ्यासकास वस्तूंची छायाचित्रे का लागतात, याचे उत्तर युरोपातील भाषाभूगोलाच्या इतिहासात सापडते. कार्ल याबेर्ग व याकोब यूद यांच्या इटली व दक्षिण स्वित्झर्लंडच्या भाषा-नकाशासंग्रहाचे प्रकाशन १९२८ ते १९४० या काळात झाले. त्यासाठी क्षेत्रात हिंडणाऱ्या पाउल शॉयरमायर यांनी शब्दांबरोबर अवजारांची व कामांची छायाचित्रेही घेतली, आणि पुढे त्या सामग्रीवर शेतकऱ्यांच्या साधनांविषयीचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. शब्दाचा अभ्यास वस्तूपासून तोडू नये, ही त्यामागील भूमिका होती.

मराठी प्रदेशात तिचे प्रत्यंतर सहज येते. पेरणीच्या अवजारास कोठे तिफण, कोठे पाभर, कोठे कुरी म्हणतात. हे एकाच वस्तूचे तीन शब्द, की फणांच्या संख्येने भिन्न अशा तीन वस्तू, हे केवळ शब्दसूचीवरून सांगता येत नाही. मराठी व कन्नड दोन्ही कानांवर पडणाऱ्या मंद्रूपसारख्या सीमेलगतच्या भागात तर हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. अमुक शब्द कन्नडातून आला असे म्हणण्यापूर्वी वस्तूही त्याच वाटेने आली काय, हे पाहणे भाग असते. अशा वेळी चाडे, नळ्या, फण हे भाग स्पष्ट दिसणारे व मापपट्टी शेजारी ठेवलेले चित्र पानभर वर्णनाहून अधिक काम करते. अंगणातील उजेडात त्यासाठी १८-५५ मिमीचे भिंग पूर्णपणे पुरे पडते.

माणसांचे तसे नाही. जुन्या माळवदाच्या घरात मुलाखत चालू असते, उजेड दारातून येईल तेवढाच असतो, आणि बोलणारी व्यक्ती मान व हात हलवीत असते. एफ/५.६ ला जेथे एक-दशांश सेकंदाचा अवधी लागेल, तेथे एफ/१.८ ला सुमारे एक-शतांश सेकंद पुरतो. भिंगातील कंपनिवारक यंत्रणा आपल्या हाताचा कंप आवरते. बोलणाऱ्याच्या हाताची हालचाल ती थांबवू शकत नाही. फ्लॅशचा लखलखाट झाला तर संभाषणाचा ओघ तुटतो, आणि सहज बोलणे हीच तर आपली सामग्री. म्हणून येथे मोठ्या छिद्राच्या भिंगाची खरी गरज आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी ३५ मिमी, एफ/१.८ हे भिंग यास सर्वांत अनुकूल, आणि किमतीनेही या वर्गात बेताचे. दोन मीटरवरून ते सुमारे १.३ मीटर रुंदीचे दृश्य टिपते, म्हणजे बसलेली व्यक्ती व तिच्या हातातील वस्तू दोन्ही त्यात मावतात. मात्र एफ/१.८ ला या अंतरावर स्पष्टतेची खोली जेमतेम पाव मीटर असते. म्हणून नेम डोळ्यावर धरावा, आणि दोन व्यक्ती मागेपुढे बसल्या असतील तर छिद्र लहान करावे. चित्र घेण्यापूर्वी व्यक्तीची संमती घ्यावी, हे वेगळे सांगावयास नको.

६. खरेदीचा क्रम

वरील विवेचनावरून खरेदीचा क्रम असा सुचतो. प्रथम कॅमेरा व त्याच्याबरोबरचे झूम भिंग घ्यावे. दुसरे भिंग लगेच घेऊ नये. वाचलेल्या पैशांतून भक्कम तिवई, विजेरी व मापपट्टी घ्यावी. निदान सहा महिने काम करावे. प्रत्येक चित्राबरोबर कॅमेरा केंद्रांतर व छिद्र यांची नोंद आपोआप ठेवीत असतो. त्या नोंदींची वारंवारता आपण ध्वनींची किंवा प्रत्ययांची काढतो तशीच काढावी. बहुसंख्य चित्रे ५५ मिमीच्या टोकाशी खोळंबलेली दिसली, तर दीर्घ भिंगाची गरज सिद्ध झाली. घरातील चित्रे हलून वाया गेली असतील, तर ३५ मिमी एफ/१.८ ची, पोथीच्या कडा पुसट असतील, तर मॅक्रोची. गरज अशी पुराव्याने सिद्ध झाल्यावर घेतलेले भिंग सहसा कपाटात पडून राहत नाही.

कॅमेरा निवडताना त्याची जोडणी, म्हणजे माउंट, कोणती हे मात्र आरंभीच पाहावे, कारण पुढील सर्व भिंगे तिच्याशी बांधलेली राहतात. निकॉनची एफ जोडणी १९५९ पासूनची व कॅननची ईएफ जोडणी १९८७ पासूनची. या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे झेड व आरएफ या नव्या जोडण्या आणल्या. जुनी भिंगे अनुयोजक, म्हणजे ॲडॅप्टर, वापरून नव्या कॅमेऱ्यांवर बसविता येतात; नवी भिंगे जुन्या कॅमेऱ्यांवर बसत नाहीत. वापरलेले भिंग घेण्यास हरकत नाही, परंतु ते उजेडाकडे धरून आत बुरशीचे तंतू नाहीत ना, हे पाहून घ्यावे. विभागाकडे किंवा सहाध्यायांकडे एकाच जोडणीचे कॅमेरे असतील तर भिंगांची देवघेव करता येते, हा लाभही लहान नाही.

सोलापूरकडील कोरड्या हवेत धूळ हा मोठा शत्रू होय. वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेरा बंद ठेवून व त्याचे तोंड खाली करून भिंग बदलावे. शक्य तर शेतात बदलूच नये. पावसाळ्यात भिंगे हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावीत.

सारांश, उत्तम भिंग कोणते हा प्रश्न तसा विचारण्यात अर्थ नाही. कोणती वस्तू, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात टिपावयाची आणि त्या चित्रावरून कोणते विधान सिद्ध करावयाचे, हे आधी ठरवावे. केंद्रांतर व छिद्र त्यातून निघते. चित्रासोबत स्थळ, दिनांक, अंतर, प्रकाशाची दिशा व मापपट्टी यांची नोंद असावी, म्हणजे ज्याने तो दगड कधी पाहिला नाही अशा अभ्यासकासही आपले वाचन तपासता येईल व प्रसंगी खोडता येईल. तशी सोय ज्या छायाचित्रात आहे, तेच संशोधनाच्या उपयोगाचे. मग ते कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या साध्या भिंगाने घेतलेले का असेना.